सारसबाग, पर्वती की तळजाई? घरातली सहा माणसं आणि रविवारची एक सकाळ

थेरगावकरीण

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या घराने सकाळी स्वारगेटच्या बाजूला फिरायला यायचं ठरतंय. गाडी आणणार नाही, पिंपरीहून मेट्रोने थेट स्वारगेट.

माणसं सहा. सासरे ७२, रोज पाच किलोमीटर चालतात. आई ६८, दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. सपाटीवर अर्धा तास सलग चालते, जिना मात्र कठडा धरूनच. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची आणि आम्ही दोघं.

मनात आहे ते असं: आधी सारसबाग, मग पर्वती चढायची आणि तिथून तळजाईच्या जंगलात तास-दीड तास चालून दुपारी जेवायला घरी. हे एका सकाळीत जमेल का? आईने पर्वती चढावी का? तळजाईच्या वाटांवर बाबागाडी चालते का? आणि मुलांसाठी काही वेगळी तयारी करावी लागेल का? ज्यांना या जागा नीट माहीत आहेत त्यांनी सविस्तर सांगावं. मनापासून वाट बघते.

फेरफटका

ताई, नकाशावर या तीन जागा एकमेकींना लागून दिसतात, पण चालायला तिन्ही अगदी निराळ्या. सारसबाग म्हणजे २५ एकरांची सपाट बाग, फरसबंदी वाटा, जागोजागी बाकं. पर्वती म्हणजे दगडी पायऱ्यांचा चढ, वर देवळं. तळजाई म्हणजे वन विभागाची टेकडी, पायाखाली मुरूम आणि माती. तुमच्या घरात या तिन्हींना पुरून उरेल असा माणूस एकच, सासरे. म्हणून सहाही जणांनी तिन्ही जागी जायचा बेत सोडा.

माझ्या मते घर दोन तुकड्यांत वाटा. सासरे, मुलगा आणि तुमच्यापैकी एक जण स्वारगेटहून रिक्षाने थेट तळजाईवर. आई, मुलगी आणि उरलेली एक व्यक्ती सारसबागेत. साडेनऊला सगळे सारसबागेत गणपतीच्या देवळापाशी भेटा.

क्रमाचं कारण सांगतो. तळजाईवर सकाळची पहिली दोन तासच खरी. पाखरं तेव्हाच बोलतात, ऊन तिरपं असतं आणि गर्दी वाढायच्या आत वाट मोकळी मिळते. साडेनऊनंतर त्या टेकडीवर सावली फार विरळ. सारसबागेला घाई नाही, तिथे दहापर्यंत मजेत बसता येतं. तुमच्या बेतात तळजाई शेवटी आहे, म्हणजे सगळ्यात कठीण चाल सगळ्यात उन्हात आणि मुलं पेंगुळलेली असताना. हा क्रम उलटा करा.

मेट्रो सकाळी सहाला सुरू होते, पिंपरी ते स्वारगेट पस्तीस-चाळीस मिनिटं धरा. नोव्हेंबरअखेर पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणजे तुम्ही उजाडता उजाडता उतरता. स्वारगेट स्थानक जमिनीखाली आहे. आईंसाठी लिफ्टनेच वर या, सरकत्या जिन्यावर दुखऱ्या गुडघ्याचा तोल शेवटच्या पायरीला जातो. तिथून सारसबाग जेमतेम एक किलोमीटर. आईंचा अर्ध्या तासाचा दम या रस्त्यावर घालवू नका, रिक्षा करा. ती ताकद बागेत वापरायची आहे.

पर्वती दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी, स्वतंत्र.

जुनी_पेठ

फेरफटका यांच्याशी बाकी सगळं पटतं, पण पर्वती इतक्या लवकर खोडू नये असं मला वाटतं. पायऱ्या १०३ आहेत, पण त्या वाड्याच्या जिन्यासारख्या उभ्या नाहीत. रुंद, पसरट, एकेका पायरीवर दोन-तीन पावलं पडतात, आणि थांबायला भरपूर जागा. पुष्कळ वयस्कर माणसं रोज चढतात.

आणि वर बघण्यासारखं केवढं आहे! देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलं. त्याच्या आसपास कार्तिकेय, विष्णू, विठ्ठल यांची देवळं. नानासाहेब वारले तेही पर्वतीवरच, १७६१ मध्ये, पानिपतानंतर काही महिन्यांतच. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली ती दुसऱ्या बाजीरावाने इथूनच पाहिली. नऊ वर्षांच्या मुलाला तटावर उभं करून खडकी कुठल्या दिशेला ते दाखवलं की पुस्तकातला धडा जागेवर कळतो. वर पेशव्यांचं संग्रहालय आहे, छोटं तिकीट असतं. मुलाला पर्वती जरूर दाखवा.

सांधेजोड

जुनी_पेठ, मुलाला दाखवा, सासऱ्यांना दाखवा. आईंच्या बाबतीत मात्र मी नको म्हणेन, आणि कारण चढ नाही, उतार आहे.

चढताना गुडघ्याला त्रास कमी असतो, दम लागतो तेवढाच. उतरताना दर पावलाला अंगाचा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला तो हळूहळू सोडत खाली आणावा लागतो. हा स्नायू थकला की पाय थरथरतो आणि तिथेच माणूस पडतो. पसरट पायरीची अडचण अशी की कठडा हातापासून लांब राहतो आणि पावलं मोजून पडत नाहीत. एकदा उजवा पाय खाली येतो, एकदा डावा. दुखऱ्या गुडघ्याला असं चालत नाही. शिवाय वर पोचल्यावर उतरणं टळत नाही. सपाट बागेत दुखलं की बाकावर बसता येतं, चढून गेल्यावर दुखलं तर उतरावंच लागतं.

तरीही कुठे चार पायऱ्या आल्याच, तर नियम सोपा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. म्हणजे आईंचा चढताना डावा, उतरताना उजवा. दुसरा पाय त्याच पायरीवर आणायचा, मगच पुढची पायरी.

काठी असेल तर ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे डाव्या. पुष्कळ जण दुखऱ्याच बाजूला धरतात, त्याने शरीर त्या बाजूला झुकतं आणि भार उलट वाढतो. उंची मोजायची ती बूट घालून, सरळ उभं राहून, हात सैल सोडून: मनगटाची घडी जिथे येते तिथे काठीची मूठ. टोकाचं रबरी बूच उलटं करून बघा. त्यावरच्या वळ्या झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर दवाने ओल्या फरशीवर काठी आधार देण्याऐवजी निसटेल. बूच औषधाच्या दुकानात मिळतं, काठीची जाडी मोजून न्या.

सारसबागेत आईंनी अर्धा तास सलग चालण्यापेक्षा दहा मिनिटं चालणं, पाच मिनिटं बसणं असं तीन वेळा करावं. बसताना बाक बघून निवडा. फार खोल, बुटक्या बाकावरून उठताना गुडघ्याला चढापेक्षा जास्त त्रास होतो. बाकाच्या कडेला सरकायचं, पाय मागे घ्यायचे, हाताने रेटून उठायचं. थंडीच्या सकाळी सांधे आखडलेले असतात, म्हणून घरून निघण्यापूर्वी खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करून पाच मोजेपर्यंत धरायचा, दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा. आणि देवळाशी चपला काढाव्या लागतात, तेव्हा मोजे पायात असू द्या. पहाटेची फरशी गार लागते. मोज्याला तळाशी रबरी ठिपके असलेले घ्या, साधे मोजे गुळगुळीत दगडावर सटकतात.

जुनी_पेठ

पटलं. उताराचा विचार मी केला नव्हता. आई बागेत, बाकीचे पर्वतीवर नंतर कधीतरी.

रानमोगरा

तळजाईबद्दल लिहिते, कारण तिथे जाणारे बहुतेक जण बूट आणि कपडे चुकवतात.

आधी बाबागाडी: नको. तिची चाकं लहान, मुरुमाच्या खड्यात अडकतात आणि गाडी पुढे कलते. शिवाय वाटेवर सराट्याचे काटे पडलेले असतात, हवा भरलेल्या टायरला एक काटा पुरतो. चार वर्षांची मुलगी तिथे येणारच असेल तर पाठीवरची झोळी किंवा मोठ्या माणसाचा खांदा. फेरफटका यांच्या बेतात ती सारसबागेत आहे, तेच बरं. या वयाचं मूल फरसबंदीवर किलोमीटरभर अर्ध्या तासात हसत चालतं, चढावर तेवढ्यातच रडकुंडीला येतं.

आता मुरूम. पावसात तो बसतो, दिवाळीनंतर वाळतो आणि वरचा थर सुटा होतो. घट्ट जमिनीवर बारीक खडे पसरलेले, म्हणजे पायाखाली छर्रे ठेवल्यासारखं. चढताना कळत नाही, उतरताना टाच पुढे टेकली की पाय सरळ पुढे जातो. म्हणून उतारावर पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, तळवा पूर्ण टेकवून, आणि सरळ खाली न जाता नागमोडी. मुलांना उतारावर धावायचा मोह होतोच. मुलाला मोठ्या माणसाच्या मागे ठेवा, पुढे नको. गुळगुळीत तळाचे शहरी पांढरे बूट नकोत. तळाला खोल खाचा असलेले कुठलेही साधे बूट चालतात, महागडे ट्रेकिंगचे लागत नाहीत.

नोव्हेंबरची खास गोष्ट म्हणजे कुसळ. वाटेच्या दोन्ही बाजूंचं गवत तेव्हा सोनेरी होऊन वाळलेलं असतं, आणि त्यातलं कुसळी गवत अंगाला लागलं की बी मोज्यात शिरतं. एक काढून मुलाच्या तळहातावर ठेवा. टोकाला सुईसारखं बी, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस, मागे लांब काळपट शेपूट. त्या शेपटीवर थुंकीचं बोट लावा आणि बघत राहा: ती पीळ उलगडत हळूहळू फिरू लागते. असंच फिरत फिरत ते बी दवाच्या ओलीने स्वतःला मातीत रोवून घेतं. मोज्यातही तेच करतं, म्हणून ओढून निघत नाही. लोकरीचे किंवा जाड सुती मोजे टाळा. पातळ गुळगुळीत कापडाची पूर्ण लांब पँट घालून मोजे तिच्या आत झाका. घुसलंच तर बोटाने बाहेरून ओढू नका, मोजा उलटा करून टोकाच्या बाजूने आतून पुढे काढा.

गवतात शिरू नये याचं दुसरं कारण घोणस. ती सुकलेल्या पाचोळ्यात पडून राहिली की दिसत नाही आणि सहसा हलतही नाही. वाट सोडायची नाही, दगड उलटायचे नाहीत, बसण्यापूर्वी कातळाची मागची बाजू बघायची. एवढं पाळलं की भीतीचं कारण नाही. चावलाच साप तर दोरी आवळणं, चिरणं, चोखणं काही करू नये. माणसाला चालवू नये, अवयव हलू देऊ नये आणि १०८ ला फोन करून तडक मोठ्या रुग्णालयात न्यावं. गोचिडीही गवतातच लागतात. घरी गेल्यावर मुलाच्या गुडघ्यामागे, काखेत आणि कानामागे बघा.

झाडांबद्दल थोडं, कारण नऊ वर्षांचा मुलगा विचारेल. तळजाईवर बराच भाग लागवडीच्या गिरिपुष्पाने भरला आहे. त्यालाच उंदीरमारी म्हणतात, बी आणि साल विषारी असते, काडी तोंडात घालू देऊ नका. थंडी सरत आली की ते पानं टाकतं आणि गुलाबी फुलतं, दिसायला सुरेख. पण हे झाड बाहेरून आणलेलं, आपल्या पाखरांना त्याचा फारसा उपयोग नाही. जिथे गिरिपुष्प दाट, तिथे टेकडी मुकी वाटते. दहा पावलं पुढे बाभूळ, हिवर, खैर अशी काटेरी झाडं आणि मोकळं गवत आलं की लगेच आवाज सुरू होतात. हा फरक मुलाला डोळे मिटून ऐकायला लावा, मी सांगण्यापेक्षा त्याला जास्त पटेल.

मोर तळजाईवर आहेत, सकाळी आवाज हमखास येतो. पण आधीच सांगून ठेवा की नोव्हेंबरमध्ये नराचा पिसारा पूर्ण नसतो. पावसाळा संपता संपता पिसं गळतात आणि नवी वाढायला महिने लागतात. नाहीतर मुलगा समोरचा मोर बघूनही लांडोर समजेल. थंडीचे पाहुणे बघा: थिरथिरा, गडद रंगाचा, शेपूट सतत थरथरवणारा, जमिनीलगतच्या दगडावर बसतो. मोकळ्या जागी पांढरा धोबी. शिवाय बारमाही इथलाच वेडा राघू, तारेवर किंवा शेंड्यावर, उडून माशी पकडून पुन्हा त्याच जागी. नवरंगाची आशा या दिवसांत नको, तो पावसाच्या तोंडाशी येतो.

फोनवर गाणी लावू नका, मुलालाही हळू बोलायला सांगा. आणि सोबत पाणी हवं, माणशी तासाला अर्धा लिटर. आतल्या वाटांवर पाणी किंवा स्वच्छतागृह मिळेल असं धरून चालू नये, मेट्रो स्थानकातच उरकून घ्या.

गोगलगाय_ताई

मुलीच्या वाट्याला मी येते. सारसबागेला लागूनच पेशवे पार्क आहे, आणि त्यातली फुलराणी. ८ एप्रिल १९५६ पासूनची ही छोटी आगगाडी. चार वर्षांच्या मुलीला हिच्याइतकं दुसरं काही आवडणार नाही. पण दोन गोष्टी. मुलीला घरून वचन देऊ नका. इंजिन दुरुस्तीला असतं असंही होतं, आणि मग दाराशी रडारड. गाडी चालू दिसली की मगच "बसायचं का?" विचारा. दुसरं, सासऱ्यांच्या आठवणीत इथले वाघ-अस्वलं असतील. प्राणिसंग्रहालय १९९९ मध्ये कात्रजला गेलं. मुलांना प्राणी दाखवायच्या नावाने इथे आणू नका.

खेळणी. घसरगुंडीवर मुलीला स्वतःच्या मांडीत घेऊन कधीही घसरू नका. हे सगळ्यात प्रेमाने केलं जातं आणि याच्यानेच लहान मुलांचे पाय मोडतात. मुलाचा बूट कडेला किंवा पत्र्याला घासून अडकतो, मूल एकटं असतं तर तिथेच थांबलं असतं. पण मागे मोठ्या माणसाचं वजन असतं, ते थांबत नाही आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. मूल स्वतःहून चढू शकत नसेल तर ती घसरगुंडी त्याच्यासाठी नाही, छोटी शोधा. खाली उभं राहून हात धरा.

पत्र्याच्या खेळण्यांना आधी हाताची उलटी बाजू लावून बघा. सकाळी दवाने ओली आणि नेहमीपेक्षा निसरडी, उन्हात तापलेली. ओली असतील तर जुना पंचा बरोबर ठेवा, पुसून घ्या. गळ्यात ओढणी, माळ, टोपीची नाडी नको, ती खिळ्यात अडकते. सी-सॉवर पाय खाली दुमडून बसू देऊ नका, दुसऱ्या बाजूचं मूल अचानक उतरलं की पाय चिरडतो. आणि झोक्याच्या पुढे-मागे धावणं. चार वर्षांच्या मुलाला येणारा झोका दिसतो, पण तो आपल्यापर्यंत पोचेल हे कळत नाही. झोक्यांच्या ओळीजवळून जाताना तिचा हात धराच.

नवीन जागा आहे, म्हणून एक काम आत शिरतानाच करा. मुलीला देवळाचं शिखर दाखवून सांगा, "हरवलीस तर जिथे आहेस तिथेच उभी राहा, मी येते." "शोधत देवळाशी ये" असं सांगू नका, मुलं चालत राहतात आणि दूर जातात. तुमचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात, बाहेर दिसेल असा कपड्यावर नाही. त्या सकाळचा फोटो घरून निघतानाच काढा, अंगावरचे कपडे लक्षात ठेवायला त्याहून चांगला उपाय नाही.

आणि थंडीत गेलात तर एक गंमत तिला दाखवायला विसरू नका: कडाका पडला की सारसबागेच्या गणपतीला स्वेटर आणि कानटोपी घालतात. नोव्हेंबरअखेर थंडी कशी आहे त्यावर ते दिसेल की नाही ठरेल.

थेरगावकरीण

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी! आईला वाचून दाखवलं, काठी उजव्या हातात धरत होती, आजच बदलली. बूचही झिजलंय, बघितलं. बेत ठरला: सासरे, मुलगा आणि हे तळजाईवर, आम्ही तिघी सारसबागेत.

अजून तीन शंका. सकाळी खायचं काय? सारसबागेच्या तळ्यातल्या माशांना मुलीने कुरमुरे टाकलेले चालतात का? आणि मुलगा कुत्र्यांना फार घाबरतो, दिसलं की पळतो. टेकडीवर कुत्री असतात का?

फेरफटका

खाणं: सारसबागेबाहेरची खाऊगल्ली प्रसिद्ध, पण ती संध्याकाळची. सकाळी तिच्या भरवशावर राहू नका. घरून कोरडं न्या: मेथीचे ठेपले, दशम्या, गूळ-शेंगदाणे, केळी, संत्री. फराळाचं तळलेलं तळजाईवर नको, तहान वाढते. डबा टेकडीवर न उघडता खाली येऊन सगळ्यांनी एकत्र खावा, उरलेल्या खाण्याच्या वासाने कुत्री मागे लागतात.

तळजाईच्या प्रवेशापाशी सकाळी मोडाची कडधान्यं आणि नाना प्रकारचे रस विकणारे बसतात. कडधान्यांवर लिंबू पिळून, समोर कालवून घेतलेली उत्तम. रसांमध्ये दुधीच्या रसाविषयी मात्र सावध राहा. दुधी कडू निघाला तर तो रस एक घोटही पिऊ नये. भोपळावर्गातल्या झाडांत एक कडू विष असतं, साध्या दुधीत ते नगण्य, पण कडू निघालेल्या फळात एवढं असतं की उलट्या, रक्ताची उलटी, रक्तदाब कोसळणं इथपर्यंत जातं. "औषधी आहे म्हणून कडू" असं समजून लोक पितात, तिथेच घात होतो. आलं-लिंबू घातलं की कडूपणा झाकला जातो, म्हणून आधी नुसता रस जिभेला लावायचा. कारल्याचा कडूपणा निराळा, पण तोही उपाशीपोटी लहान मुलाला देऊ नका.

मुलगा उन्हाने मलूल झालाच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. बाटलीत आधीच करून नेलं तरी चालतं, त्याच दिवशी संपवा. मिठाचं माप वाढवू नका.

कुरमुरे: नको. एक-दोन मुठींनी काही होत नाही असं प्रत्येकाला वाटतं, आणि रविवारी तिथे येणाऱ्यांची गर्दी केवढी! मासे खातात त्याहून जास्त पाण्यात कुजतं, पाणी हिरवं आणि घाण होतं, प्राणवायू कमी पडून मासेच मरतात. मुलीला कमळाचं पान दाखवा, त्यावर बोटाने थेंब टाका आणि तो पाऱ्यासारखा कसा पळतो ते बघू द्या. कुरमुऱ्यांची आठवणही होणार नाही.

रानमोगरा

कुत्री आहेत, टेकडीवरही आणि बागेबाहेरही. मुलाला घरीच सराव द्या, गंभीरपणे: कुत्रं दिसलं की झाड व्हायचं. पाय जोडून उभं, हात छातीशी घडी, नजर जमिनीवर, तोंड बंद. पळालं की कुत्र्याला पाठलाग सुचतो, डोळ्यात बघितलं की आव्हान वाटतं. कुत्रं हुंगून निघून गेलं की हळूहळू तिरकं चालत बाजूला व्हायचं, पाठ दाखवून धावायचं नाही. आजोबांच्या हातात काठी असेल तर ती जमिनीलगत ठेवावी, उगारली की कळप बिथरतो.

दात लागलाच, अगदी ओरखडा असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी लस. बाटलीतलं पाणी पुरत नाही, नळ शोधा. साबणाची छोटी वडी पिशवीत असू द्या.

आणि मधमाश्या. अत्तर, सुगंधी तेल, परफ्यूम लावून टेकडीवर जाऊ नये. झाडावर किंवा कातळाला आग्या मोहोळ दिसलं तर बोट दाखवायलाही थांबू नका. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, चेहरा ओढणीने किंवा शर्टाने झाकून सरळ लांब, बंद गाडीत किंवा खोलीत जायचं. एक माशी चिरडली की तिच्या वासाने बाकीच्या तिथेच येतात. नांगी राहिली तर लगेच नखाने खरवडून काढा, ती पुढेही विष सोडत राहते.

सांधेजोड

आईंनी काठीचा हात बदलला हे वाचून बरं वाटलं. दोन-तीन दिवस घरातच नव्या हाताने सराव करू द्या, रविवारी एकदम नको. काठी आणि उजवा पाय एकाच वेळी पुढे, मग डावा.

जुनी_पेठ

निघण्यापूर्वी कालनिर्णय उघडून त्या रविवारी संकष्टी तर नाही ना ते बघा. संकष्टीला सारसबागेत दर्शनाची रांग लागते, संध्याकाळी तर फारच, आणि देवळापाशी भेटायचं ठरवलेली माणसं गर्दीत एकमेकांना सापडत नाहीत. तसं असेल तर भेटायची जागा पेशवे पार्कच्या दाराशी ठेवा. सासऱ्यांकडे फोन नसेल तर वेळ दोन सांगून ठेवा: साडेनऊ, आणि चुकलं तर दहा, त्याच दाराशी.